कंसातला नहपान

पहिला दिवस : जोगलटेंभी

पुण्याहून पहाटे साडेपाचला निघालो. मी, माझा भाचा ओंकार, त्याची गाडी, आणि माझ्या पर्समध्ये होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत कापसात गुंडाळलेलं चांदीचं एक नाणं. डबीवर अजून कुणाच्या तरी सर्दीच्या औषधाचं नाव होतं. नाण्यांसाठी म्हणून मिळणारे प्लॅस्टिकचे चौकोन माझ्याकडे ढिगाने आहेत, पण प्रवासात मला त्यांचा भरवसा वाटत नाही.

नाणं नहपानाचं, म्हणजे पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या शक क्षत्रपांपैकी एका राजाचं. दीड सेंटीमीटर रुंद, वजन दोन ग्रॅमच्या आसपास असायला हवं असं. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रपांचा पराभव केला आणि बाजारात फिरणाऱ्या त्यांच्या नाण्यांवर आपला छाप मारला. एकतीस वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर बसलेल्या बाईला नाणी जमवायची हौस असावी याचं लोकांना नवल वाटतं. मला तर उलट वाटतं, की बाकीचे कॅशियर निवृत्त झाल्यावर करतात तरी काय? मला सुबक, कोऱ्या नाण्यांमध्ये रस नाही. एकावर दुसऱ्याने हात चालवलेला असेल तरच मी खिसा सैल सोडते.

भिंगातून हे नाणं असं दिसतं. एका बाजूला उजवीकडे बघणारं राजाचं तोंड, केस मानेवर उतरलेले. त्याच्या गालावर सातकर्णीच्या कमानींची टेकडी आणि तिच्याखाली नागमोडी रेघ. एका कमानीतून नहपानाचा डोळा बाहेर बघतो, खिडकीत उभं राहून बघावं तसा. कडेला ग्रीक अक्षरांचे तुकडे, आणि त्यांच्यावरून चढत गेलेली ब्राह्मी : ‘तमिपुतस सि’ एवढंच लागतं. मूळ लेख ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’, म्हणजे राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णीचं. मागे नहपानाचा बाण आणि वज्र, आणि त्यांच्यावर उज्जयिनी चिन्ह : अधिकची खूण आणि तिच्या चार टोकांना चार वर्तुळं. ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अशा तीन लिप्या नहपानाच्याच नाण्यावर होत्या. त्यात ही आणखी एक ब्राह्मी, दुसऱ्या राजाची. दीड सेंटीमीटरात एवढी गर्दी मी फक्त सकाळच्या लोकलमध्ये पाहिली आहे.

सिन्नर ओलांडून आत वळलो. दिवाळी नुकतीच झाली होती, शेतांमध्ये कांद्याच्या रोपांची लागवड चालली होती, बायका ओळीने वाकलेल्या. जोगलटेंभी हे दारणा आणि गोदावरीच्या संगमावरचं गाव. १९०६ साली इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो अभ्यासून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं. सव्वातेरा हजारांच्या पुढे नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातकर्णीचा छाप. म्हणजे दर दहातली सात. नाण्याला दोन ग्रॅम धरले तर सव्वीस किलोंच्या वर चांदी भरते. मी आयुष्यभर नाण्यांच्या पिशव्या उचलल्या आहेत. सव्वीस किलो म्हणजे एका हाताने उचलायची गोष्ट नव्हे.

गावात बघायला काय आहे? या विषयातलं म्हणाल तर काही नाही, आणि ते मला माहीत होतं. फलक नाही, खूण नाही. पाण्याच्या काठावर उभं राहून ओंकारने फोटो काढले. तेवढ्यात मोटरसायकलवरचे एक आजोबा थांबले.

“कुठलं म्हणायचं?”

“पुण्याचे.”

“सरकारी?”

“नाही हो. जुनी नाणी सापडली होती ना इथं, त्यासाठी आलो.”

आजोबांनी आधी गाडीकडे, मग ओंकारच्या पाठीवरच्या सॅककडे बघितलं. “मशीन आणलंय का?”

मशीन म्हणजे धातू शोधायचं यंत्र. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. “आमच्या आज्याच्या टायमाला निघालं म्हणतात. आम्ही काय पाहिलं नाही. आता लोक येतात रातचे, खड्डे करून जातात. बांध फोडतात माणसं, दुसरं काय.”

त्यांचा राग खरा होता. १८७८ चा निधीविषयक कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की ते कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये! आकडा कुणी बदललेला नाही. पण रात्री बांध फोडणाऱ्याला पैशांपलीकडे काही दिसत नाही, आणि नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी होतं ही माहिती त्या खड्ड्यातच मरते. या गावचा साठा एका जागी सापडला आणि एका माणसाने सगळा बघून लिहून ठेवला, म्हणूनच आज तो कामाचा आहे. तीच तेरा हजार नाणी सुटी सुटी बाजारात आली असती तर आपल्या हाती फक्त तेरा हजार शोभेच्या वस्तू राहिल्या असत्या.

आजोबांनी नाणं हातात घेऊन बघितलं. वरचं चित्र ओळखण्यात त्यांना रस नव्हता. अंगठ्याने चोळून म्हणाले, “लईच हलकं आहे की.”

तेव्हा मी हसले होते.

रात्री नाशिकच्या लॉजवर आम्ही ओंकारचं काम पुढे चालवलं. लिलावांच्या कॅटलॉगांमधून आणि विक्रीच्या जाहिरातींमधून त्याने या नाण्यांचे फोटो गोळा केले आहेत. प्रत्येक फोटोत नहपानाचं तोंड सरळ उभं करायचं आणि सातकर्णीची टेकडी त्याच्याशी किती अंशांत कललेली आहे ते मोजायचं. मी सांगायचं, त्याने लिहायचं. टेकडी कुठे राजाच्या डोक्यावर उलटी, कुठे हनुवटीखाली आडवी, कुठे पार नाण्याबाहेर घसरलेली. कोन वाट्टेल तसे. म्हणजे मारणाऱ्याने नाणं नीट फिरवून, राजाच्या नाकावर नेम धरून छाप मारलेला नाही. ऐरणीवर ठेवायचं, ठोकायचं, पुढचं घ्यायचं. माझ्या ओळखीचं काम.

दुसरा दिवस : पांडवलेणी

नाशिकची मिसळ खाल्ली. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

पांडवलेणी, म्हणजे त्रिरश्मी डोंगरातली चोवीस लेणी, शहराच्या दक्षिणेला मुंबई-आग्रा महामार्गालगत आहेत. पायऱ्या चढताना गुडघ्यांनी आपली जन्मतारीख सांगितली. ओंकार पुढे जाऊन वरून ओरडत होता, “मावशी, दहा नंबरला आधी ये!” मला आधी तिथेच जायचं होतं. नाणी कळायची असतील तर ज्यांच्या खिशात ती होती त्यांचे व्यवहार वाचायला हवेत, आणि ते इथे दगडात आहेत.

दहाव्या लेण्याच्या ओसरीत नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. दीनिकाचा मुलगा, दक्षमित्रेचा नवरा, तीन लाख गाई दान दिल्याचं सांगणारा गृहस्थ. गाईंचा आकडा मी सोडून देते. माझं लक्ष असतं त्याच्या ठेवींकडे. त्याने लेण्यातल्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आणि दोन हजारांच्या व्याजातून पावसाळ्यात वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे.

आता हिशेब करा. दोन हजारांवर महिना शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पै चुकलेली नाही! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा स्वयंपाकघरात उभी होते आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला नव्वद होतात, ते भिक्षूंच्या इतर किरकोळ खर्चाला. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असंही लेखात आहे. म्हणजे पावती आहे, रजिस्टर आहे. आणखी एका दानाच्या हिशेबात एका सुवर्णाला, म्हणजे सोन्याच्या नाण्याला, पस्तीस कार्षापण हा त्या वेळचा दरही मिळतो. ज्या गोवर्धनात हे विणकर होते ते गाव नाशिकच्या पश्चिमेला गंगापूरजवळ त्याच नावाने अजून नांदतं आहे.

आत मागच्या भिंतीवर मुळात स्तूप कोरलेला होता. पुढे कधीतरी कुणीतरी त्यातून भैरव काढला. ओंकार म्हणाला, “मावशी, हा पण काउंटरस्टॅम्पच की.” म्हणजे एकाच्या नाण्यावर दुसऱ्याने मारलेला छाप. पोरगं शिकतंय.

मग तिसरं लेणं. बाहेर जमिनीतून अर्धे वर आलेले यक्ष, खांद्यावर अख्खं लेणं पेलून धरलेलं. ओसरीत सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा तो प्रसिद्ध लेख, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेला. त्यात तिच्या मुलाचं वर्णन ‘खखरातवसनिरवसेसकर’, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष करणारा. सगळीकडे हेच वाक्य उद्धृत होतं आणि मग नाण्यांची गोष्टही त्याच चालीवर सांगितली जाते : विजेत्याने हरलेल्याचं तोंड मिटवलं, सूड घेतला, नामोनिशाण पुसलं. व्याख्यानांत हे ऐकायला छान लागतं. माझा यावर विश्वास नाही.

आईने मुलाबद्दल काय म्हणावं हा तिचा अधिकार. पण त्याच ओसरीत त्या मुलाचा स्वतःचा हुकूमही आहे, राज्याच्या अठराव्या वर्षीचा. गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला सातकर्णी कळवतो, की अपरकखडी गावातलं दोनशे निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत या भिक्षूंना दिलं आहे. आणि ते शेत कुठलं? तर ‘उसभदातेन भूतं’, उषवदाताकडे होतं ते. हुकूम अगदी ताजा, सैन्याच्या तळावरून सुटलेला. ज्यांचा वंश निःशेष केला म्हणतात त्यांच्या जावयाचं नाव राजा स्वतःच्या कागदात घालतो, कारण ते घातल्याशिवाय खालच्या माणसाला शेत ओळखता येणार नाही.

सातबाऱ्यावर फेरफार झाला की जुन्या मालकाचं नाव कंसात जातं. ते कुणी खोडून काळं करत नाही. नव्याची मालकी ज्याच्यावरून आली ते नाव तिथे दिसावं लागतं, नाहीतर उद्या तलाठ्यापुढे उभं राहून सांगणार काय? माझ्या मते नाण्यांचंही हेच झालं. सातकर्णीला नहपानाचं तोंड पुसायचंच असतं तर वितळवायला चांदी हातातच होती. पण वितळवायचं, चकत्या पाडायच्या, प्रत्येकीचं वजन जुळवायचं आणि मग छापायचं, यात वेळ जातो, चांदीही थोडी जळते. लोकांच्या हातात तयार, वजनाला खात्रीची चकती आहेच. तिच्यावर एक ठोका : हे आता माझ्या नावावर चालेल. नहपान कंसात गेला, इतकंच.

जोगलटेंभीच्या साठ्यातली चारेक हजार नाणी तर बिनछापाची होती, तीही त्याच ठेव्यात. ठेवणाऱ्याला दोन्ही चालत होती. छाप नसलेलं नाणं त्याला निषिद्ध वाटलं असतं तर त्याने ते छापाच्या नाण्यांबरोबर जपून पुरलं नसतं. स्कॉट यांनी आणखी एक गोष्ट टिपली आहे : नहपानाची तोंडं सारखी नाहीत. काही तरुण, काही सुरकुतलेली, काही तर वेगळ्याच माणसाची वाटावीत अशी. जावयाच्या लेखांत वर्षं एक्केचाळीस-बेचाळीसपासून पंचेचाळीसपर्यंत येतात, पण नाण्यांवर साल नाही. त्यामुळे कुठलं तोंड आधीचं आणि कुठलं नंतरचं हे अजून साच्यांची तुलना करून, एकेक जोडी लावूनच ठरवावं लागतं. हौशी माणसालाही करता येईल असं हे काम आहे. लागतो फक्त वेळ, आणि तो मला पेन्शनबरोबर मिळाला आहे.

त्या शेताचं पुढे काय झालं तेही भिंतीवर आहे. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, राजा आणि राजमाता पुन्हा कळवतात : ते शेत कुणी कसत नाही, ते गाव ओस आहे, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरची सरकारी जमीन घ्या, शंभर निवर्तनं. दोनशेच्या जागी शंभर! भिक्षूंपैकी कुणीतरी चिकाटीने सहा वर्षं हेलपाटे घातले असणार. त्या अनाम भिक्षूसाठी मी ओसरीत पाच मिनिटं बसले. गुडघ्यांनाही बरं वाटलं.

तिसरा दिवस : अंजनेरी

त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या डोंगराजवळ भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्था आहे. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांच्या पुढाकाराने १९८० साली ती उभी राहिली. मराठा टांकसाळींवर काम करणाऱ्याला माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांच्या पुस्तकावाचून पुढे जाता येत नाही, तेही इथूनच निघालं. डोंगर हनुमानाचं जन्मस्थान म्हणून ओळखला जातो, गर्दी तिकडे जाते. संग्रहालयात आम्ही दोघं आणि शाळेतल्या मुलांचा एक घोळका.

मी काचेवर नाक टेकवून आहत नाण्यांपासून सुरुवात केली. सातकर्णीच्याही आधीपासून आपल्याकडे चांदीच्या तुकड्यावर एकामागून एक ठसे मारायची रीत होती. पुढच्या बाजूला पाच ठसे, आणि मागे बारीक बारीक खुणा, सराफांनी तपासून मारलेल्या असाव्यात अशा. पेशवाईतल्या रुपयांवरही सराफाचे टोचे दिसतात. नाणं हातोहात जाताना प्रत्येक जण थोडा संशय घेतो आणि त्या संशयाची खूण ठेवून जातो. इंग्लंडच्या बँकेने १७९७ साली चांदीच्या टंचाईत स्पॅनिश डॉलरवर आपल्या राजाचं पिटुकलं डोकं उमटवून तो चालवला होता. दोन राजे एका नाण्यावर म्हणून तिथल्या लोकांनी टवाळी केली. सातकर्णीची टवाळी कुणी केली असेल तर ती दगडावर आलेली नाही.

ओंकार बाहेर कट्ट्यावर लॅपटॉप उघडून बसला होता. आदल्या रात्री त्याने माझ्या डबीतल्या नाण्याचाही फोटो काढून यादीत घातला होता, संग्रह पूर्ण व्हावा म्हणून. त्याने हाक मारली, पण “मावशी” एवढंच म्हणाला. पुढे काही बोलेना.

स्क्रीनवर दोन फोटो शेजारी शेजारी होते. एक माझ्या नाण्याचा, दुसरा कुठल्याशा जुन्या विक्रीतला. टेकडीचा कोन दोन्हीत एकच. असू शकतो, मी म्हटलं, योगायोग. मग त्याने एक फोटो अर्धपारदर्शक करून दुसऱ्यावर सरकवला. कमानीतून बघणारा डोळा डोळ्यावर बसला. ‘तमिपुतस सि’ बरोब्बर त्याच अक्षरावर तुटलं. कडेला सात वाजण्याच्या जागी असलेली बारीक खोक, जी मला दोन हजार वर्षांची जखम वाटायची, तीसुद्धा तिथेच.

साध्या नाण्याच्या बाबतीत दोन नग सारखे दिसले तर एकाच साच्यातली म्हणता येतं. छापावर छाप असलेल्या नाण्यात ती पळवाट नाही. पहिल्यांदा ठोकताना चकती कशी सरकली, दुसऱ्यांदा ठेवताना किती फिरली, तेव्हा छाप कुठे दाबला आणि कुठे उथळ पडला, मग वापरात कुठे झिजलं, आणि हे दोन्ही बाजूंना. एवढं सगळं दोनदा तंतोतंत जुळणं शक्यच नाही. जुळे म्हणजे ओतीव. एका खऱ्या नाण्यावरून साचा काढायचा आणि ओतत सुटायचं.

मी भिंग काढून कड बघितली. जिथे नेहमी बघते तिथेच. कानशीने घासलेली एक सपाट पट्टी होती, जोडाची रेघ लपवायला. ती मी पूर्वीही पाहिली होती आणि झीज म्हणून सोडून दिली होती. अक्षरांच्या बगलेत सुईच्या टोकाएवढे बुडबुड्यांचे खड्डे. संध्याकाळी नाशिकमध्ये एका सोनाराकडे काट्यावर टाकलं : एक ग्रॅम बासष्ट सेंटिग्रॅम. घासलं गेलं असेल, झिजलं असेल, अशी सबब मीच स्वतःला घरी दिली असती. जोगलटेंभीच्या आजोबांचा अंगठा जास्त प्रामाणिक.

हे मी साडेतीन हजारांना एका प्रदर्शनात घेतलं होतं. विकणाऱ्याने मला ताई म्हटलं होतं, चहा पाजला होता, आणि “तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर बँकेतल्या” असंही म्हणाला होता. तिथेच मी सापडले. अनोळखी दुकानात मी आधी वजन करते. तिथे लाजले.

परतीच्या वाटेवर सिन्नरच्या अलीकडे ओंकारने विचारलं, “मग आता यादीतून काढायचं का हे?”

“काढू नकोस. दोन्ही ठेव. पुढे ‘ओतीव’ लिही.”

“आणि नाणं?”

नोकरीत असताना काउंटरवर खोटी नोट आली की ती परत द्यायची नाही, जप्त करायची, आणि तिच्यावर बनावट म्हणून शिक्का मारायचा. पाच सेंटीमीटरचा चौकोनी शिक्का. मी तो कितीदा मारला असेल, समोरच्याचं तोंड बघत. डबी उघडून बघितलं. दीड सेंटीमीटरच्या चकतीवर दोन राजे आधीच दाटीवाटीने बसलेले होते. मी पर्समधलं पेन काढलं, डबीवरचं सर्दीच्या औषधाचं नाव कंसात टाकलं आणि शेजारी लिहिलं : ओतीव, १.६२ ग्रॅम, अंजनेरी.